घरातला कागद आणि कंप्युटर दोन्ही कसे जगवायचे (नागपूरच्या हिशोबानं)

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. नागपूरच्या महाल भागात आमचं डीटीपीचं, म्हणजे कंप्युटरवर छपाईची पानं जुळवायचं, दुकान आहे, म्हणजे आता डीटीपी कमी आणि झेरॉक्स, स्कॅनिंग, लॅमिनेशन जास्त, तर भर दुपारी एक काकू आल्या, हातात कापडी पिशवी, पिशवीत बिस्किटाचा डबा आणि डब्यात चार फ्लॉप्या, म्हणजे जुन्या कंप्युटरच्या फाइली साठवायच्या चकत्या. म्हणाल्या, "भाऊ, यातून आमच्या ह्यांचं पुस्तक काढून देता का? शंभर प्रती पाहिजेत, नातवाच्या लग्नात वाटायच्या आहेत." पुस्तक म्हणजे कुळवृत्तांत, काकांनी रिटायर झाल्यावर गावोगाव फिरून, प्रत्येक घरी चहा पिऊन जमवलेला, ९६ पानांचा, पंचवीसेक वर्षांपूर्वी छापलेला.

माझ्याकडे यूएसबीवाला फ्लॉपी ड्राइव्ह अजून आहे, बायको त्याला म्युझियम म्हणते. चारपैकी दोन फ्लॉप्या वाचल्याच नाहीत, तिसरी कोरी निघाली, चौथीत पेजमेकरची, म्हणजे पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरची, फाइल सापडली. आता पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, तीही २००१ सालची, पण माळ्यावर एक म्हातारा कंप्युटर मी त्यासाठीच ठेवलाय, त्यावर उघडली. उघडली खरी पण फॉन्ट नाही, आणि फॉन्ट नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, टोप्या, कंस, डॉलरची चिन्हं अशी सगळी खिचडी दिसते. काकू शांतपणे पाहत होत्या. शेवटी मी विचारलं, छापलेली प्रत आहे का एखादी घरी? "आहे ना, देवघराच्या कपाटात. ती तर रोजच वाचता येते, काहून?"

तर हे लिहायचं कारण हे, की दुकानात दर महिन्याला असं कोणी ना कोणी येतं, आणि प्रत्येकाला वाटतं की कागद गेला जमाना, कंप्युटरवर टाकलं की झालं, किंवा मग उलटं, कंप्युटरचा काही भरवसा नाही, कागदच खरा. मला दोन्ही पटत नाही. जास्त विश्वासू कोण हा प्रश्न विचारून काहीच हाती लागत नाही, विचारायचं ते हे की ही वस्तू मरणार कशी? कागद हळूहळू मरतो, तुमच्या डोळ्यांसमोर, पिवळा पडतो, कोपरे तुटतात, कसर लागते, म्हणजे तुम्हाला सांगून जातो. कंप्युटरमधली गोष्ट काल होती आणि आज नाही, आणि पुष्कळदा नाही हेसुद्धा पाच वर्षांनी कळतं, जेव्हा नातवाचं लग्न निघतं. पण कागदाची प्रत बहुतेक वेळा एकच असते, आणि पुराला किंवा आगीला एक रात्र पुरते.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजानं सगळ्या जमीनजुमल्याची नोंद करून घेतली होती, चामड्यावर लिहिलेली, ती आजही वाचता येते. तिला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ साली बीबीसीनं तशीच नवी नोंद कंप्युटरसाठी लेझरडिस्कवर केली, आणि पंधराएक वर्षांतच ती वाचणारी यंत्रं इतकी दुर्मिळ झाली की ती डिस्क वाचवायला वेगळा प्रकल्प काढावा लागला. आणि कागदवाल्यांनी लगेच मिशीला पीळ द्यायचं कारण नाही, कारण आपल्या बाजूच्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या महानुभावांच्या पोथ्या पहा, त्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहिलेल्या, पोथी शाबूत पण पंथाबाहेरच्या माणसाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्यातलं काही वाचता येत नव्हतं. काकूंच्या फ्लॉपीतली खिचडी आणि महानुभावांची ही सकळ नावाची सांकेतिक लिपी, अडचण एकच. एवढंच की महानुभावांनी ते मुद्दाम केलं होतं.

आधी घर आवरा, म्हणजे ढीग पाडा

एका रविवारी सगळं पलंगावर काढा. जे एकदा गेलं तर जगात दुसरीकडे कुठंच मिळणार नाही ते एका बाजूला: आजीच्या हातची पाककृतींची वही, पत्रं, जुने फोटो, कुळवृत्तांत, लग्नाची कॅसेट. याला कागद आणि कंप्युटर दोन्ही लागतात, यात चालढकल नाही.

जे सरकारकडून परत काढता येतं ते वेगळं. सातबारा डिजिटल सहीचा ऑनलाइन मिळतो, मार्कशीट, लायसन, आरसी डिजिलॉकरमध्ये येतात आणि तिथं जारी झालेले कागद कायद्यानं मूळ कागदाइतकेच धरले जातात. इथं कंप्युटर सरळ जिंकतो, उगाच दहा वर्षांपूर्वीच्या सातबाऱ्याची पिवळी झेरॉक्स जपत बसू नका, त्यानंतर फेरफार झाला असेल तर ती दिशाभूलच करेल. फक्त खरेदीखत, मृत्युपत्र, मोडीतले जुने कागद यांची मूळ प्रत कधीच टाकायची नाही, स्कॅन केली म्हणून तर अजिबातच नाही. एका गिऱ्हाइकानं स्कॅन झाल्यावर मूळ कागद रद्दीत दिला होता, नंतर बँकेनं मूळ मागितला, पुढचं सांगत नाही.

आणि उरलेलं, म्हणजे बाजारात मिळणारी पुस्तकं, सिनेमे, गाणी, त्याचं फार मनावर घेऊ नका. एक लक्षात असू द्या, ऑनलाइन विकत घेतलेलं ई-पुस्तक बहुतेक वेळा आपल्या मालकीचं नसतं, वाचायची परवानगी असते. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकंही त्यांच्या कंप्युटरवरून गेली. पैसे परत दिले हो, पण पुस्तक गेलं ते गेलंच. बर्डीवरून, म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या बाजारातून, घेतलेलं जुनं पुस्तक कोणी रात्रीतून येऊन कपाटातून काढून नेत नाही.

कागद: इथं खरा शत्रू कूलर आहे

नागपुरात उन्हाळ्यात ४५ अंश काही बातमी राहिली नाही, आणि कोरड्या उन्हात कागद कडक होतो हे खरं, पण मी जे जास्त पाहिलंय ते कूलरचं. एप्रिलमध्ये कूलर लावला, नव्या ताट्या घातल्या, आणि बरोबर त्याच्या झोतात पुस्तकांचं कपाट. बाहेर रखरखीत ऊन आणि कपाटात मात्र ओल, दोन महिन्यांत पुस्तकांच्या पाठीवर पांढरी बुरशी. लोक म्हणतात उन्हाळ्यात बुरशी कशी येईल, तर अशी येते बावा. कपाट कूलरच्या झोतातून हलवा, भिंतीपासून चार बोटं पुढं घ्या, सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवा किंवा त्यात डबे ठेवा, आणि वर्षातून दोनदा, होळीच्या सुमाराला आणि दसऱ्याला, सगळं काढून कोरड्या फडक्यानं पुसा. कडुलिंबाची वाळलेली पानं ठेवायला हरकत नाही, पण वाळवी पानांना भीक घालत नाही, तिच्यासाठी भिंतीच्या कडेला मातीची रेघ दिसते का तेच पाहत राहावं लागतं.

जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, किडा लागू नये म्हणून. मोरचूद विषारी आहे, घरी करू नका, पण बाइंडिंगला देताना "जुजबंदी करून द्या" एवढं नक्की म्हणा, म्हणजे तो फॉर्म, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, दोऱ्यानं शिवतो. नुसतं डिंकाचं बाइंडिंग आपल्या उन्हात तडकतं आणि पानं पत्त्यांसारखी हातात येतात.

आता ज्या चुका लोक जपायच्या नादात करतात त्या सांगतो, कारण दुकानात अर्ध्याहून जास्त नुकसान मी असलंच पाहतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत टेप सुटते आणि तपकिरी डाग कायमचा राहतो, त्यापेक्षा मैद्याची पातळ खळ आणि पांढऱ्या टिश्यू कागदाची पट्टी बरी. रबरबँड नाही, मे महिन्यात तो वितळून कागदाला चिकटतो. स्टेपलरची पिन पावसाळ्यात गंजते. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स मऊ प्लॅस्टिकच्या, म्हणजे पीव्हीसीच्या फोल्डरमध्ये घातली तर उष्णतेनं शाई प्लॅस्टिकला चिकटते, कागद बाहेर काढला की अक्षरं फोल्डरवर उलटी आणि कागद अर्धा कोरा. बॉन्ड पेपरचं साधं पाकीट पुष्कळ झालं. पेपरातलं कात्रण वहीत चिकटवू नका, न्यूजप्रिंटमध्ये लाकडाचा लगदा जसाच्या तसा असतो, तो स्वतः पिवळा पडतो आणि शेजारच्या पानालाही डागतो, चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा आणि ती जपा.

आणि ती दुकानाची, एटीएमची, दवाखान्याची गुळगुळीत पावती. तिच्यावर शाई नसतेच, कागदालाच उष्णतेनं काळं होणारं रसायन लावलेलं असतं. त्यामुळे ती एकतर फिकी होऊन कोरी होते नाहीतर मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली की अख्खी काळी होते. फ्रिजची वॉरंटी तीन वर्षांची आणि बिल सहा महिन्यांत गायब, असं घरोघरी आहे. घेतल्या दिवशी फोटो काढा किंवा साध्या कागदावर झेरॉक्स. लॅमिनेशन करायला मात्र आणू नका, मशीनमध्ये घातली की आमच्यासमोरच काळी होते आणि वर आम्हालाच बोलणी बसतात.

पाणी शिरलं तर

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत १०० मिमीच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर. अंबाझरी लेआउटमधल्या माझ्या मित्राच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. दुपारी आम्ही चौघं मदतीला गेलो तर सीपीयू चिखलात आडवा, पुस्तकांच्या कपाटाचे खालचे तीन कप्पे पाण्यात, पुस्तकं फुगून अशी घट्ट बसली होती की ओढली तरी निघत नव्हती, शेवटी फळी तोडली.

त्या दिवशी शिकलो ते असं. छापील शाई पाण्यात जात नाही, बॉलपेन आणि पेन्सिल टिकते, लेझर प्रिंट टिकते. फाउंटन पेन, बरेचसे जेल पेन आणि घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई वाहून जाते. मित्राच्या आईची रेसिपीची वही बॉलपेनमधली, ती वाचली, वडिलांची डायरी निळ्या शाईतली, ती निळं पाणी होऊन गेली. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं वाळली की पानं एकमेकांना विटेसारखी चिकटतात, ती ओली असतानाच पान सुटं करावं लागतं. साधी पुस्तकं उन्हात टाकू नका, वाकडी होतात, उभी ठेवा, पानं पंख्यासारखी उलगडा, मध्ये मध्ये कोरे कागद घाला आणि पंखा लावा. बुरशी एकदोन दिवसांत धरते, तेवढ्यात सगळं वाळवणं शक्य नसेल तर महत्त्वाची पुस्तकं बटर पेपरात गुंडाळून, पिशवीत घालून चक्क फ्रीजरमध्ये टाका, बुरशी थांबते आणि मग सवडीनं एकेक काढून वाळवता येतात. शेजारच्या काकूंच्या फ्रीजरमध्ये त्या आठवड्यात मटाराच्या शेजारी ज्ञानेश्वरी होती.

कंप्युटर भिजला तर त्याला आधी चालू करून पाहायचं नाही, हे अगदी दारावर लिहून ठेवा. मित्राच्या भावानं उत्साहानं दुसऱ्या दिवशी बटन दाबलं. भिजलेली हार्ड डिस्क बंद असताना डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेली तर आशा असते, चिखलासकट फिरवली की संपलं. वाचलं काय, तर मुंबईच्या बहिणीनं कधीतरी गंमत म्हणून मोबाइलवर काढून ठेवलेले वडिलांच्या डायरीच्या बारा पानांचे फोटो. सव्वाशे पानांपैकी बारा.

कंप्युटर: एक प्रत म्हणजे शून्य प्रत

फोटोग्राफर लोकांमध्ये ३-२-१ चा नियम चालतो आणि तो घरालाही लागू पडतो: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे क्लाउड म्हणा नाहीतर पुण्याच्या भाच्याकडची हार्ड डिस्क म्हणा. एकाच कंप्युटरवर डी ड्राइव्हमधून ई ड्राइव्हमध्ये कॉपी करणं याला बॅकअप म्हणत नाहीत, बहुतेक वेळा ती एकाच डिस्कची दोन नावं असतात.

पेन ड्राइव्ह वाहून न्यायला आहे, साठवायला नाही. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी (आत चकती न फिरणारी डिस्क) दोन्हीत माहिती म्हणजे विजेचा भार असतो, वीज न देता ठेवलं की तो हळूहळू गळतो, आणि उष्णतेत जास्त लवकर. जेडेक नावाची मानकं ठरवणारी संस्था आहे, तिची घरगुती एसएसडीसाठी अट अशी की लिहून लिहून पूर्ण झिजलेल्या डिस्कनं विजेशिवाय ३० अंशांना १ वर्ष माहिती धरली पाहिजे. नवी डिस्क त्यापेक्षा खूप जास्त धरते, घाबरायचं नाही, पण ३० अंश म्हणजे नागपुरात स्लॅबखालच्या माळ्यावर कोणत्या महिन्यात ते तुम्हीच ठरवा. माळ्यावर रजया ठेवा. घरच्या साठवणीला साधी फिरणारी हार्ड डिस्क बरी, कपाटात, कपड्यांमध्ये, आणि सहा महिन्यांतून एकदा लावून पाहायची. लग्नाच्या सीडी असतील तर याच आठवड्यात कॉपी करा, घरी राइट केलेल्या सीडीत रंगाचा थर असतो, ऊन आणि उष्णता लागली की तो उडतो.

मे-जूनमध्ये वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की बॅकअपची डिस्क कंप्युटरला लावून ठेवायची नाही. एक झटका आला तर मूळ आणि नक्कल दोन्ही सोबतच जातात, मग नक्कल कशाला केली होती.

मराठीवाल्यांसाठी सगळ्यात मोठं काम हे: कृतीदेव, श्रीलिपी, आकृतीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं जे काही असेल ते आत्ताच युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, करून घ्या. त्या फाइलींत 'क' हे अक्षर नसतंच, एखादं इंग्रजी अक्षर असतं आणि फॉन्ट त्याला 'क'चा मुखवटा चढवतो, फॉन्ट गेला की मुखवटा उतरतो. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास नको, रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी हमखास चुकते, आणि आपला 'ऱ्य' तर जवळपास दर वेळी. समोर छापील प्रत घेऊन ओळीनं वाचावं लागतं, एक वाचणारा, एक पाहणारा, जुन्या प्रेसमध्ये प्रूफ वाचायचो तसं.

स्कॅन करायचं तर कमीत कमी ३०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके), फोटो असतील तर ६००, आणि टाइप केलेली फाइल सेव्ह करताना पीडीएफ/ए, म्हणजे जपून ठेवायच्या पीडीएफचा, पर्याय दिसला तर तो निवडा, त्यात फॉन्ट फाइलच्या आतच बांधलेला असतो म्हणून खिचडी होत नाही. फाइलचं नाव नीट द्या. 'स्कॅन००१७' या नावाची आजी मी गिऱ्हाइकाच्या कंप्युटरमध्ये पाऊण तास शोधली आहे. पासवर्ड कुठल्या वहीत आहे हे घरातल्या दुसऱ्या एका माणसाला माहीत पाहिजे, आणि ती वही मात्र कागदाचीच.

शोधायचं असेल तर कशात बघायचं हे पण लोक विचारतात. ते वस्तूवर आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, तिच्यातला शब्दाचा अर्थ शिळा होत नाही, छापील घ्या नाहीतर नेटवर पहा, दोन्हीकडे तोच. औषधाचा डोस, टॅक्सचा स्लॅब, रेल्वेची वेळ मात्र जुन्या पुस्तकातून काढू नका. पुस्तकाचं एक बरं असतं, आतल्या पानावर आवृत्ती आणि साल छापलेलं असतं, चूक असली तरी कोणत्या सालची चूक ते कळतं. नेटवरचं पान काल काय म्हणत होतं ते आज पुष्कळदा सापडत नाही, म्हणून कामाचं काही दिसलं तर तारीख टाकून पीडीएफ करून ठेवा.

काकूंचं काय झालं ते राहिलंच. देवघरातली प्रत घेऊन त्या दुसऱ्या दिवशी आल्या, लाल कापडात गुंडाळलेली, कुंकवाचा डाग मुखपृष्ठावर. स्कॅन करायला पानं उलटायला लागलो तर समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात दुरुस्त्या. एका ठिकाणी जन्मसाल खोडून दुसरं, एका ठिकाणी "ही शाखा वर्ध्याला गेली, पत्ता मिळाला", शेवटच्या पानावर दोन नवी नातवंडं. पुस्तक छापून झाल्यावर काका वर्षानुवर्षं ते करत राहिले होते. फ्लॉपी पूर्ण उघडली असती, फॉन्ट सापडला असता, तर मी खुशाल त्यावरून शंभर प्रती छापून दिल्या असत्या, आणि ते जन्मसाल पुन्हा चुकीचंच छापलं गेलं असतं.

सगळं परत युनिकोडमध्ये टाइप केलं, काकू समोर बसून वाचत होत्या आणि मी पडद्यावर पाहत होतो, चार दुपारी गेल्या. शंभर प्रती, जुजबंदी बाइंडिंग, एक पीडीएफ पुण्याला, एक क्लाउडवर, पेन्सिलीच्या पानांचं स्कॅन वेगळं. पैसे देऊन झाल्यावर मी डबा पुढं केला, म्हटलं काकू, या फ्लॉप्यांचं आता काही काम नाही, टाकून देऊ का? त्यांनी डबा ओढून पिशवीत घातला. "राहू द्या," म्हणाल्या, "वरच्या चिठ्ठीवर त्यांचं अक्षर आहे."